तांब्याची नॅनोतार ओढताना: ताण, प्रतिबल की विकृती?

प्रश्न थोडक्यात असा: तांब्याची नॅनोतार ओढल्यावर काय होतं, याच्या संगणकावरच्या प्रकल्पाचा मराठी गोषवारा लिहायचा आहे. स्ट्रेस, स्ट्रेन, डिफॉर्मेशन या तिन्हींना ‘ताण’ म्हणून भागेल का? ‘विकृती’ वाचताना खटकतं, ते टाळता येईल का?

नाही भागणार. स्ट्रेस म्हणजे प्रतिबल (छेदाच्या एकक क्षेत्रफळावरचं बल), स्ट्रेन म्हणजे विकृती आणि डिफॉर्मेशन म्हणजे विरूपण (आकारातला बदल). भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यालाच ‘ताण’ म्हटलेलं खपतं, कारण जॉब समोर असतो आणि बोट दाखवून सांगता येतं. कागदावर ती सोय नाही. ताण म्हणजे ओढ. उद्या नॅनोस्तंभ वरून दाबलात, तर ‘दाबातला ताण’ असलं काहीतरी लिहावं लागेल.

आकड्यांतला घोटाळा त्याहून वाईट. लॅम्प्स ही अणूंच्या हालचाली मोजणारी आज्ञावली तिच्या ‘मेटल’ नावाच्या एककसंचात प्रतिबल छापत नाही, दाब छापते, तोही बारमध्ये आणि उलट चिन्हाने. तार ओढली की अक्षाच्या दिशेचा दाब ऋण येतो. समजा पडद्यावर −4,000 बार दिसले. चिन्ह बदलून 10,000 ने भागलं की 0.4 गिगापास्कल. तेही अजून खरं नाही, कारण भागाकार पूर्ण पेटीच्या, म्हणजे तार ज्या काल्पनिक चौकटीत ठेवलेली असते तिच्या, घनफळाने झालेला असतो आणि पेटीत तारेभोवती पोकळी असते. पेटीचा छेद 20 × 20 नॅनोमीटर आणि तारेचा व्यास 10 नॅनोमीटर असेल, तर 400 भागिले 78.5, म्हणजे जवळजवळ पाचपट फरक. तारेतलं प्रतिबल 2 गिगापास्कलच्या आसपास निघतं. आकड्यांच्या त्या रकान्याला सरसकट ‘ताण’ असं नाव दिलं, की ही दुरुस्ती केली की राहिली हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही.

‘विकृती’ खटकते हे खरं, रोजच्या मराठीत तिचा अर्थ वेगळा आहे. पण शब्द न बदलता पहिल्याच वाक्यात व्याख्या द्या: लांबीतली वाढ भागिले मूळ लांबी. 30 नॅनोमीटरची तार 3 नॅनोमीटरने वाढली, तर विकृती 0.1, एकक काही नाही. मूळ लांबी मात्र रचना बांधताना टाकलेली धरायची नाही. आधी ऊर्जा किमान करायची, मग 300 केल्विनला अक्षाच्या दिशेचा दाब शून्यावर आणायचा. पृष्ठभागाच्या ओढीने बारीक तार थोडी आखडते. ती स्थिरावल्यावरची लांबी ही मूळ लांबी. हे चुकलं की आलेख शून्यातून सुरूच होत नाही.

डिसलोकेशनला ‘विस्थापन’ लिहू नका. शाळेच्या पुस्तकापासून विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट, आणि पुण्याच्या वाचकाला त्यावरून आधी पानशेतचे धरणग्रस्त आठवतील. डिसलोकेशन तसंच ठेवावं आणि ‘स्फटिकात मध्येच संपलेल्या अणूंच्या पातळीची कड’ असं एकदा सांगावं. ही व्याख्या कड-प्रकाराची आहे, स्क्रू-प्रकाराला ती लागत नाही. गोषवाऱ्यात एवढं चालतं. निर्दोष नॅनोतारेत सुरुवातीला डिसलोकेशन नसतंच. ते पृष्ठभागावर जन्मतं, आणि त्या क्षणी आलेखात प्रतिबल कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं. तिथून पुढचं ते ‘कायमचं विरूपण’.

‘धातूच्या सूक्ष्मरचना’ हेही काढा. सूक्ष्मरचना म्हणजे मायक्रोस्ट्रक्चर, धातूच्या आतली कणांची मांडणी. तुम्हाला म्हणायचंय लहान वस्तू, तर नॅनोतार, नॅनोस्तंभ असं नाव घेऊन लिहा.

सिम्युलेशनला कोशात सदृशीकरण आहे. माझं मत सिम्युलेशनलाच.

एक शब्द मात्र गाळू नका: विकृती-दर, म्हणजे सेकंदाला विकृती किती वाढते ते. वरच्या तारेत सुमारे 2 लाख अणू येतात आणि काळाची पायरी साधारण 1 फेम्टोसेकंद ठेवावी लागते. सेकंदाला 10 कोटी या दराने 0.1 विकृती गाठायला 1 नॅनोसेकंद, म्हणजे 10 लाख पायऱ्या. प्रयोगशाळेत सेकंदाला 0.001 या दराने तेवढ्यालाच 100 सेकंद लागतात. फरक दहा हजार कोटी पटींचा. त्यामुळे संगणकावरचं प्रतिबल बहुधा चढं येतं. दर न देता ‘तार इतकं प्रतिबल सोसते’ असं लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.