किहीमचे केहीमकर

प्रश्न : वडिलांच्या मुंबईतील शाळेच्या एका जुन्या वर्गछायाचित्रामागे विद्यार्थ्यांची नावे लिहिलेली आहेत. त्यांत एका मुलाचे नाव बायबलमधले, आडनाव मात्र ‘केहीमकर’ असे अस्सल कोकणी वळणाचे आहे. हे आडनाव कुठले? आज ते कुठे आढळते?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी किहीम नावाचे गाव आहे. बया पक्ष्याच्या वीणकामाचा सलीम अली यांनी अभ्यास केला तो येथेच, त्यामुळे पक्षिप्रेमींना ते परिचित आहे. केहीमकर हे आडनाव या किहीमचे असून ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणात स्थायिक झालेल्या मराठी भाषक ज्यू समाजात आढळते.

गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. पुढे ही कुटुंबे गावोगाव विखुरली. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम यांमुळे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. अठराव्या शतकापासून मुंबईकडे ओघ सुरू झाला, तेव्हा कोकणातील इतरांप्रमाणे त्यांच्याही नावांपुढे गाव लागले : रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर. मुंबईतील पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी, अर्थात सॅम्युएल एझिकेल, हे दिवेकर होते. दिवेकर चित्पावनांतही आहेत, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण ‘कर’ लागलेले आडनाव गाव सांगते, जात किंवा धर्म सांगत नाही, आणि आडनाव जुळले म्हणून नाते जुळते असे मानणे धोक्याचे आहे. आपल्या बाबतीत उलगडा झाला तो आडनावामुळे नव्हे, तर त्या मुलाच्या नावामुळे.

या आडनावाची सर्वांत ठळक नोंद इतिहासलेखनात आहे. हायम सॅम्युएल केहीमकर यांनी बेने इस्रायलांच्या मुलांसाठी मुंबईत १८७५ मध्ये शाळा काढण्यात पुढाकार घेतला आणि १८९७ मध्ये समाजाचा विस्तृत इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला. तो छापून निघाला मात्र १९३७ मध्ये, तेही तेल अवीवमध्ये. आजच्या वाचकांना हे आडनाव फुलपाखरांचे अभ्यासक आयझॅक केहीमकर यांच्यामुळे ठाऊक असेल.

आता संख्येविषयी. जनगणनेत आडनावनिहाय मोजदाद होत नसल्याने केहीमकर किती, हे नेमके सांगता येत नाही. समाजाच्या आकड्यांवरून मात्र अंदाज बांधता येतो. १९५१ च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची संख्या २६ हजारांवर होती. आज ती चार-पाच हजारांच्या आसपास असून त्यांत मोठा वाटा महाराष्ट्रातील बेने इस्रायलांचा, तोही मुख्यतः मुंबई, ठाणे आणि रायगड परिसरातला आहे. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबा अशा शहरांत वसली. तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. मूळ गावच लहान, समाजही लहान, त्यात हे स्थलांतर. आडनाव विरळ होण्याला आणखी कारण शोधायला नको. शिवाय अनेकांनी व्यवहारात ‘कर’ सोडून वडिलांचे नावच आडनावासारखे लावले. हिंदी चित्रपटांतील ज्येष्ठ चरित्र अभिनेते डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे चौलचे. पण पडद्यावर ते नुसते ‘डेव्हिड’ राहिले.

छायाचित्रातील मुलाच्या कुटुंबाचा माग काढायचा असेल, तर आडनावापेक्षा त्याच्या वडिलांचे व आजोबांचे नाव मिळवावे. ‘केतुबा’ या विवाहकरारात वर आणि वधू दोघांच्याही पित्यांची नावे असतात आणि जुन्या थडग्यांवर मराठी व हिब्रू अशा दोन्ही लिपींतील मजकूर सापडतो. शोधाला तेथून सुरुवात करता येईल.