४६५ की ५८७? मेलमधलं कुलूप कुठपर्यंत टिकतं?

प्रश्न : मी एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसमध्ये आहे. क्लायंटचे रिटर्न, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट सगळं मेलनेच जातं. नवीन कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हे मेलचं ॲप टाकताना आउटगोइंग सर्व्हरला नन, स्टार्टटीएलएस आणि एसएसएल/टीएलएस असे पर्याय आले. साहेब म्हणतात मेल जातोय ना, मग काही पण ठेव. चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही ताई, काही पण ठेवून नाही चालणार. नन तर बिलकुल नको, कारण मेल ज्या एसएमटीपीवर (मेल पाठवायची पद्धत) चालतो ते १९८२ सालचं, त्यात एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करणं) नव्हतंच, म्हणजे नन ठेवलं की मजकूर, अटॅचमेंट आणि बऱ्याचदा तुमचा पासवर्डसुद्धा उघडा जातो, मधे कुणी ऐकत बसला असेल तर सरळ वाचेल.

आता स्टार्टटीएलएस, पोर्ट (सर्व्हरचं नंबर दिलेलं दार) ५८७. टीएलएस म्हणजे दोन कॉम्प्युटरमधलं बोलणं एन्क्रिप्ट करायची पद्धत, एसएसएल हे तिचंच जुनं रूप. यात बोलणं साधंच सुरू होतं, मग सर्व्हर सांगतो मला टीएलएस येतं, आणि तिथून पुढचं सगळं एन्क्रिप्ट. गोची अशी की ती पहिली ओळ उघडी असते, मधला माणूस तीच उडवू शकतो. आताचं थंडरबर्ड अशा वेळी मेल पाठवायचंच थांबवतं, पण ढिलं सेट केलेलं ॲप तसाच उघडा मेल पाठवून मोकळं होतं. पोर्ट ४६५ वर आधी टीएलएस जुळतं, मग मेलचं बोलणं, म्हणून एसएसएल/टीएलएस आणि ४६५ घ्या, २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातही हेच सुचवलंय. मेल घ्यायच्या पद्धतींपैकी आयमॅपला पोर्ट ९९३, पॉपला ९९५. आणि सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) वॉर्निंग आली तर घाईत ओके करू नका, होस्टिंगवाल्याला आधी फोन लावा.

पण खरी काळजी मला पुढची वाटते. ही सेटिंग फक्त तुमच्या सर्व्हरपर्यंत. तिथून क्लायंटच्या सर्व्हरकडे मेल पोर्ट २५ वरून जातो, समोरच्याला टीएलएस येत असेल तर एन्क्रिप्ट, नसेल तर बहुतेक वेळा तसाच उघडा. हे थांबवायला एमटीए-एसटीएस (टीएलएसशिवाय मला मेल देऊ नका असं सांगायची सोय) आहे, पण ते क्लायंटच्या डोमेनवाल्याने लावायचं, तुमच्या हातात नाही. शिवाय दोन्हीकडच्या सर्व्हरवर मेल वाचता येईल अशाच रूपात येतो, म्हणजे क्लायंटचा मेलबॉक्स कुणी फोडला तर तुमच्या ४६५ चा काही उपयोग नाही.

म्हणून फाइलच एन्क्रिप्ट करा. मेल आणि फाइल एन्क्रिप्ट करणारं पीजीपी १९९१ पासून आहे आणि चांगलंय, पण दोन्हीकडे त्याच्या डिजिटल किल्ल्या लागतात, तुमचे सगळे क्लायंट ते करतील असं मला वाटत नाही. पीडीएफला एईएस २५६ (एन्क्रिप्शनचा एक मजबूत प्रकार) वाला पासवर्ड लावा, पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये नको. पॅन आणि जन्मतारीख जोडून पासवर्ड करायची पद्धत सोडा, या दोन्ही गोष्टी किती जणांकडे असतात बघा. सब्जेक्टमध्येही पॅन लिहू नका, फाइलला पासवर्ड असला तरी सब्जेक्ट आणि फाइलचं नाव तसंच दिसतं.