रॉकी लिनक्सवर फाइली हलवल्यानंतर एनजिनएक्स 403 दाखवते. एसईलिनक्स कायमचे बंद करावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: रॉकी लिनक्स 9 या ऑपरेटिंग सिस्टिमवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालतो. तिथे संकेतस्थळाच्या फाइली आपण स्वतःच्या होम डिरेक्टरीत तयार केल्या आणि 'एमव्ही' आज्ञेने /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल मध्ये हलवल्या. डिरेक्टरींना 755 आणि फाइलींना 644 परवानगी आहे, म्हणजे इतरांनाही त्या वाचता येतात, तरी ब्राउझरमध्ये 403 (प्रवेश नाकारला) येते. 'सेटएनफोर्स 0' देऊन एसईलिनक्स (कोणत्या प्रोसेसला काय करता येईल हे ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा) तात्पुरते सैल केल्यावर साइट उघडते, पण सर्व्हर रीबूट केला की पुन्हा तेच होते, आणि म्हणून एसईलिनक्स कायमचेच बंद करावे असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. माझे स्पष्ट मत असे की बंद करू नये. आपली अडचण एका आज्ञेने सुटते. (आज्ञा आणि नावे मी देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत द्यावीत.)

आधी नकार कोणी दिला ते पाहू. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये '13: परमिशन डिनाइड' एवढेच दिसते आणि त्यावरून काही कळत नाही. खरी नोंद ऑडिट लॉगमध्ये (सुरक्षेच्या घटनांच्या नोंदवहीत) असते. 'एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट' असे रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून दिले की एव्हीसी, म्हणजे एसईलिनक्सच्या नकाराची ती नोंद, समोर येते. त्या लांबलचक ओळीत चारच गोष्टी वाचायच्या असतात. महिरपी कंसात 'रीड' म्हणजे काय करायचे होते ते. 'कॉम' पुढे एनजिनएक्स, म्हणजे कोणाला. 'एसकॉन्टेक्स्ट' मध्ये एचटीटीपीडी_टी, म्हणजे त्या प्रोसेसचे लेबल (एसईलिनक्सने लावलेली ओळखचिठ्ठी). आणि 'टीकॉन्टेक्स्ट' मध्ये बहुधा यूझर_होम_टी, म्हणजे फाइलीचे लेबल. सगळी मेख या शेवटच्या शब्दात आहे. फाइल जागेवरून हलली, पण तिच्यावरचे लेबल होम डिरेक्टरीचेच राहिले.

याचे कारण असे की एसईलिनक्स फाइलीचा मार्ग पाहत नाही, तर फाइलीसोबत फाइलसिस्टिममध्ये साठवलेले लेबल पाहते. 'सीपी' ने नवी प्रत तयार होते तेव्हा तिला नव्या डिरेक्टरीनुसार लेबल मिळते; 'एमव्ही' मात्र जुने लेबल तसेच सोबत नेते. म्हणून 'रिस्टोअरकॉन -आरव्ही' या आज्ञेला ती डिरेक्टरी द्यावी. यूझर_होम_टी जाऊन एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी आल्याचे प्रत्येक फाइलीपुढे छापलेले दिसेल आणि साइट उघडेल. फाइली /एसआरव्ही सारख्या दुसऱ्या ठिकाणी ठेवायच्या असतील तर आधी 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट' ने त्या मार्गाचे योग्य लेबल पॉलिसीत (एसईलिनक्सच्या नियमावलीत) नोंदवावे आणि मगच 'रिस्टोअरकॉन' चालवावे. 'सीएचकॉन' ने लेबल बदलता येते, पण पुढे कधी सर्व फाइलींची लेबले नव्याने लावली गेली की तो बदल पुसला जातो, म्हणून मी ते टाळतो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे ही कटकट कशासाठी. 755 आणि 644 या परवानग्या मालकाच्या मर्जीवर चालतात. फाइल ज्याची, तो ती कोणालाही उघडी करून देऊ शकतो, आणि रूटला तर कोणतीच आडकाठी नसते. सक्तीच्या प्रवेशनियंत्रणात, म्हणजे एसईलिनक्सच्या पद्धतीत, हा निर्णय मालकाच्या हाती राहत नाही. सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) जेव्हा एनजिनएक्स सुरू करते, तेव्हा त्याच्या प्रोग्राम फाइलीवरचे एचटीटीपीडी_एक्झेक_टी हे लेबल पाहून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नव्या प्रोसेसला एचटीटीपीडी_टी या डोमेनमध्ये, म्हणजे नियमांच्या कुंपणात, टाकते, आणि तिथून पुढे पॉलिसीत स्पष्टपणे लिहिले आहे तेवढेच तिला करता येते. जे लिहिलेले नाही ते सगळे नाकारले जाते, मग ती प्रोसेस रूटच्या नावाने का चालत असेना. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने एसईलिनक्सचे हे काम 2000 साली मुक्त स्रोत म्हणून खुले केले, 2003 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स 2.6 कर्नलमध्ये ते समाविष्ट झाले, आणि अँड्रॉइड 5.0 पासून फोनमधल्या सर्व प्रोसेसवर ते सक्तीने लागू आहे. उबंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये हेच काम ॲपआर्मर करते. ते मार्गावर आधारलेले असल्यामुळे तिथे आपल्यासारखी लेबलाची अडचण येत नाही.

मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथल्या एका सर्व्हरवर कोणीतरी अशाच 403 ला कंटाळून एसईलिनक्स बंद करून ठेवले होते, आणि माझ्यासह कोणीही ते पुन्हा सुरू केले नाही. पुढे त्या साइटवरच्या फाइल अपलोड करण्याच्या फॉर्ममधून कोणीतरी एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, आत घातली. त्याला रूट मिळाले नाही, पण त्याची गरजही पडली नाही. एका सहकाऱ्याच्या होम डिरेक्टरीत डेटाबेसची प्रत 644 परवानगीने पडून होती. ती वेब सर्व्हरच्या प्रोसेसने वाचली आणि बाहेर गेली. त्या प्रतीवर लेबल कोणते असायला हवे होते? यूझर_होम_टी. म्हणजे आज आपल्याला अडवणारा नियम त्या दिवशी जागेवर असता तर ती फाइल वाचली गेली नसती. नंतर एसईलिनक्स पुन्हा सुरू करताना, मधल्या काळात तयार झालेल्या फाइलींवर लेबलेच नसल्यामुळे, संपूर्ण डिस्कची लेबले नव्याने लावण्यात एक रात्र गेली.

याच कारणासाठी 'ऑडिट2अलाउ' या आज्ञेबद्दलही सावध करतो. ते नाकारलेली प्रत्येक गोष्ट परवानगीच्या नियमात बदलून देते. आपल्या बाबतीत त्याचा अर्थ असा होईल की दोन-चार फाइलींचे लेबल चुकले म्हणून वेब सर्व्हरला सर्वांच्या होम डिरेक्टरीतल्या फाइली वाचण्याची मुभा मिळेल. नकार दिसला की आधी लेबल तपासावे, मग बूलियन (पॉलिसीतला चालू-बंद करता येणारा खटका), आणि नवा नियम लिहिण्याची वेळ आलीच तर अगदी शेवटी. तसेच साइटची पूर्ण डिरेक्टरी लिहिण्याजोगी करू नये. एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी हे लेबल फक्त अपलोडच्या डिरेक्टरीला द्यावे. हेही लक्षात असू द्यावे की वेब सर्व्हरला जे करण्याची मुभा आहे, ते त्याच्यात शिरलेल्यालाही करता येते. साइटच्या कोडमधले एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसला घुसवलेल्या आज्ञा) एसईलिनक्स थांबवत नाही.

एनजिनएक्सच्या मागे 3000 पोर्टवर ॲप्लिकेशन असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा 403 गेल्यावर 502 (मागच्या ॲप्लिकेशनकडून उत्तर मिळाले नाही) येण्याची शक्यता आहे. वेब सर्व्हरने स्वतःहून दुसरीकडे जोडणी करणे पॉलिसीत मुळात बंद असते. 'सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट 1' ने ते सुरू होते आणि रीबूटनंतरही टिकते. हा बूलियन सर्व पोर्टसाठी दार उघडतो, म्हणून गरज असेल तरच तो चालू करावा. काही काळ सगळे नकार नुसते नोंदवूनच पाहायचे असतील, तर संपूर्ण यंत्रणा सैल न करता 'सेमॅनेज परमिसिव्ह -ए एचटीटीपीडी_टी' द्यावे. त्याने फक्त हे एक डोमेन मोकळे होते आणि बाकीच्या सर्व्हिस बंदोबस्तातच राहतात. काम झाल्यावर '-ए' च्या जागी '-डी' देऊन ते न चुकता परत घ्यावे. एवढे करूनही साइट उघडली नाही, तर ऑडिट लॉगमधली ती एव्हीसीची ओळ आणि लेबले दाखवणाऱ्या 'एलएस -झेड' चे उत्तर इथे द्या, मी पाहून सांगतो.