कोणतं सर्टिफिकेशन केलं की नोकरी पक्की?

आयटीत शिरू पाहणारी मुलं हा प्रश्न माझ्याकडे सतत घेऊन येतात. सोबत बहुतेकदा घरच्यांनी जमवलेल्या फीचा हिशेबही असतो. म्हणून एका मुलाची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

सांगलीकडचा, बीएस्सी झालेला हा मुलगा पुण्यात हेल्पडेस्कवर रात्रपाळी करायचा. वहीत यादी करून आला होता: सीईएच (एथिकल हॅकिंगचं), सीसीएनए (सिस्को कंपनीचं, नेटवर्किंगचं), एडब्ल्यूएस (ॲमेझॉनच्या क्लाउडचं), आणि तळाशी लाल शाईत सीआयएसएसपी (सायबर सुरक्षेचं). एका क्लासने सगळ्याचं मिळून पॅकेज देऊ केलं होतं आणि वडील कर्ज काढायला तयार होते.

"सीआयएसएसपी लाल शाईत का?"

"त्याला पगार सगळ्यात जास्त असतो म्हणतात, मॅडम."

"अटी वाचल्यास?"

वाचल्या नव्हत्या. परीक्षा देता येते, पण पूर्ण प्रमाणपत्रासाठी सुरक्षेच्या कामाचा साधारण ५ वर्षांचा अनुभव लागतो. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मित्र सगळे पुढे गेले. मला काही येत नाही. सर्टिफिकेशनशिवाय माझी किंमत शून्य आहे."

मी यादी बाजूला ठेवली. समुपदेशनात मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. चांगलं सर्टिफिकेशन हवं, ही इच्छा माणसाला अभ्यासाला बसवते. 'नाहीतर मी शून्य' हे मनात ठाण मांडून बसलं, की तो दिसेल त्या क्लासची फी भरून मोकळा होतो. पुढच्या भेटी आम्ही त्या एका वाक्यालाच दिल्या.

मग एकदा विचारलं, "रात्रपाळीत अलीकडे काय अडलं होतं?"

एका शाखेत नवे लॅपटॉप नेटवर्कला लागेनात, जुने मात्र व्यवस्थित. बाकीचे केबल तपासत बसले. याने लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पाहिला, तर १६९.२५४ने सुरू होणारा. म्हणजे असे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी यंत्रणेकडून पत्ताच मिळत नव्हता. सर्व्हरवर पत्त्यांचा साठा संपलेला. येऊन गेलेल्या पाहुण्यांच्या मोबाइलनी ८ दिवसांच्या मुदतीने पत्ते अडवून ठेवले होते. सांगता सांगता तो खुर्चीच्या कडेवर आला आणि टेबलावर बोटाने आकृती काढू लागला.

मी सीसीएनएचा अधिकृत अभ्यासक्रम उघडून त्याच्यापुढे सरकवला. "जे स्वतः केलंयस, त्यावर खूण कर." आयपीचे पत्ते, व्हीएलॅन, डीएचसीपी, डीएनएस... खुणा होत गेल्या. राउटिंग आणि ऑटोमेशनपाशी तो थांबला. "एवढं येत नाही."

पहिल्या भेटीतलं 'काही येत नाही' आता दोन विषयांपुरतं उरलं होतं. माझ्या कामातला हा सर्वांत मोलाचा क्षण. तो उपदेशाने येत नाही, माणसाच्या स्वतःच्या कामातूनच यावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच करायला लावते. आपण रोज काय करतो आणि त्याच्या पुढची पायरी कोणती, ते आधी पाहा. लिनक्स सर्व्हरवर रमत असाल, तर रेड हॅट कंपनीचं आरएचसीएसए. तिथे चालू मशिनवर काम करून दाखवावं लागतं, पाठांतरावर निभावत नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे कल असेल, तर आयएसटीक्यूबी फाउंडेशन. त्याची मुदत संपत नाही. सीसीएनए आणि एडब्ल्यूएसची ३ वर्षांनी संपते, हेही खर्चात धरा. ज्या नोकरीवर डोळा आहे, तिच्या दहाएक जाहिराती वाचा आणि कोणतं नाव पुन्हा पुन्हा येतं ते बघा. आणि डम्प्सच्या, म्हणजे चोरून फोडलेल्या प्रश्नांच्या, वाटेला जाऊ नका. प्रमाणपत्र रद्द होऊ शकतंच, शिवाय मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच पितळ उघडं पडतं.

त्याने पॅकेज नाकारलं. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या मोफत सराव-सॉफ्टवेअरवर राउटिंगचा सराव सुरू केला आणि परीक्षेचे ३०० डॉलर स्वतःच्या पगारातून साठवायचं ठरवलं. वडिलांचा मला फोन आला. "मॅडम, नापास झाला तर?"

मी फोन त्याच्याकडे दिला. "पैसे जातील, बाबा, आणि वाईट वाटेल," तो म्हणाला. "मग पुन्हा बसेन."