आल्टो नंतर बघू, आधी पोत सोडवा

घाटंजी तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४१, आठ एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. पत्नी अंगणवाडी सेविका. आईला दर दोन महिन्यांनी वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात न्यावं लागतं आणि एसटीत आता तिच्यानं बसवत नाही. ओळखीच्या मास्तरांची २०१२ची आल्टो दीड लाखाला मिळते आहे. ‘गिअरची आहे. घेऊ, की थांबून ऑटोमॅटिक घेऊ? बायकोलाही शिकायची आहे.’ पैशांची सोय एका वाक्यात उरकली आहे: ‘पॉलिसीचा हप्ता दरवर्षी दागिने गहाण ठेवून भरतो, त्यातच थोडे वाढवून घेईन, शिवाय ४० क्विंटल कापूस घरात आहे, दहा हजारांवर गेला की विकतो.’

भाऊ, घ्याल तेव्हा गिअरचीच घ्या. तिची क्लचप्लेट घाटंजीतला मिस्त्रीही बदलून देईल, जुनी ऑटोमॅटिक बिघडली तर यवतमाळ-नागपूरच्या खेपा होतील. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता त्या दागिन्यांच्या वाक्याकडे येतो.

पॉलिसीच्या कागदाचा फोटो जोडलात ते बरं केलंत. चार वर्षांपूर्वी बँकेत पीककर्जाच्या नूतनीकरणाला गेलात, तिथल्या साहेबांनी ‘एफडीसारखीच आहे’ म्हणून सही घेतली. वर्षाला ५० हजार, दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी सुमारे आठ लाख. पाच लाखांचे आठ लाख ऐकायला गोड वाटतात. पण प्रत्येक हप्ता सरासरी साडेदहा वर्षं अडकून पडतो, म्हणजे व्याज पडतं साडेचार टक्के. आणि दागिने ठेवलेत शेकडा एक रुपयानं, वर्षाला बारा टक्के. बारानं उचलायचे, साडेचारनं ठेवायचे आणि वर त्याला बचत म्हणायचं! पॉलिसीतल्या पाच लाखांच्या विम्याचं म्हणाल, तर त्याच बँकेत वर्षाला ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवनज्योतीचा दोन लाखांचा विमा मिळतो. तो काही साहेबांनी सुचवला नाही.

चार हप्त्यांचे दोन लाख गेले. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर साधारण निम्मे, लाखभर मिळतील. जीव हळहळेल. एजंट म्हणेल, ‘दादा, आता मोडू नका, पुढचा परतावा चांगला आहे.’ तो खोटं बोलत नसेल. झालेलं नुकसान बाजूला ठेवलं, तर इथून पुढे भरण्यावर साडेसातेक टक्के पडतात. खिशातून भरत असता तर मीही विचार केला असता. तुम्ही बायकोची पोत ठेवून भरता.

तेव्हा पाचवा हप्ता भरू नका. शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांवरच चालू, ठेवली तर शेवटी किती. सोन्याच्या कर्जाच्या बारा टक्क्यांनी लाखाचे अकरा वर्षांत साडेतीन लाख होतात. पेड-अपचा आकडा त्याच्या वर असेल तर ठेवा. असेल असं मला वाटत नाही. मग सरेंडरचा लाख थेट सोन्याच्या कर्जात घाला. तिथे १ लाख ३० हजार थकलेत, वरचे तीस हजार कापसातून.

आणि तो कापूस विका. २०२२ मध्ये दहा-बारा हजार मिळाले होते हे खरं, पण तेव्हापासून निम्मा विदर्भ त्याच भावाची वाट बघत घरात गंजी लावून अंगाची खाज सोसतो आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये आहे. आठ हजार धरले तरी तीन लाख वीस हजार. पीककर्जाचे एक लाख साठ हजार त्यातून आधी फेडा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ३० जूनच्या आत फेडलं तर सवलतींमुळे बिनव्याजी पडतं, तारीख चुकली की सवलत गेली.

तीस हजार सोन्याला दिल्यावर उरतात एक लाख तीस हजार. त्यात वर्षाचं घर चालवायचं आहे, म्हणून गाडी यंदा नाही. आईच्या सहा खेपांना भाड्याची गाडी केली, साडेतीन हजार धरले तरी वर्षाला २१ हजार. आल्टो दारात आली की ती फक्त सावंगीला जात नाही. सोयरीक, बारसं, बाजार सगळीकडे जाते. पेट्रोल, विमा, टायर, मिस्त्री मिळून ४५ हजारांच्या आत वर्ष निघणार नाही. शिवाय २०१२च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, २०२७ मध्ये संपते. पुढे फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचे पाच हजार आणि हरित कर. मास्तरांनी हे सांगितलं होतं का?

पुढच्या हंगामात रोखीनं घेता आली तर जरूर घ्या. बघायला जाल तेव्हा हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं तर क्लच शाबूत. घरघरत चालूच राहिलं तर प्लेट गेलेली, पाच-सात हजार कमी करून मागा.

एक राहिलं. पॉलिसीचा हप्ता मार्चमध्ये खात्यातून आपोआप कटत असेल, तर तो बंद करण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. नाहीतर कापसाचे पैसे जमा होतील आणि पहिले ५० हजार तिकडेच जातील.