बीपीची गोळी: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न: माझे वय 58. चार महिन्यांपासून अ‍ॅम्लोडिपिन 10 मिलिग्रॅम चालू आहे. बीपी आटोक्यात आहे, पण संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, चपलेचे पट्टे रुततात. औषधाच्या दुकानात लघवी जास्त होण्याची गोळी घ्या म्हणाले. घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: घेऊ नका. या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही. अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, त्यामानाने नीला सैलावत नाहीत. रक्त येते जोरात आणि परत जायची वाट मात्र तेवढीच, म्हणून केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपते. दिवसभर उभे-बसून राहिले की ते घोट्यांपाशी उतरते. म्हणजे अंगात जास्तीचे पाणी साठलेले नसते. अशा वेळी लघवीची गोळी घेतली तर सूज तशीच राहते आणि रक्तातले सोडियम-पोटॅशियम घसरू शकते.

ही सूज मात्रेप्रमाणे वाढते. 5 मिलिग्रॅमवर ती बरीच कमी असते, 10 वर अनेकांना येते. म्हणून डॉक्टर बहुधा अ‍ॅम्लोडिपिन 5 वर आणतात आणि जोडीला टेल्मिसार्टन 40 देतात. टेल्मिसार्टन नीलांनाही सैल करते, त्यामुळे सूज ओसरते आणि बीपीही आटोक्यात राहते. एका औषधाची पूर्ण मात्रा देण्यापेक्षा दोन औषधांच्या कमी मात्रा बहुतेकांना जास्त मानवतात. ‘दोन गोळ्या म्हणजे आजार बळावला’ असे मनात आणू नका. बदल केल्यावर चार दिवसांत फरक नाही म्हणून घाबरूही नका. अ‍ॅम्लोडिपिनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात, सूज उतरायला आठवडा-दोन आठवडे जातात.

एक मात्र पाहा. सूज एकाच पायावर असेल आणि पोटरी दुखत असेल, आडवे झाल्यावर दम लागत असेल किंवा सकाळी चेहरा सुजलेला असेल, तर दोष गोळीला देऊ नका. त्याच दिवशी तपासून घ्या.

प्रश्न: दवाखान्यात माझे बीपी 158/94 भरते, घरच्या मशीनवर 132/82. गोळी सुरू करायला सांगितले आहे. खरा आकडा कोणता? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: दोन्ही खरे असू शकतात. डॉक्टरांसमोर बीपी चढणारी माणसे पुष्कळ असतात. घरचा आकडा जास्त भरवशाचा, पण तो नीट घेतलेला असेल तरच.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, तुंबलेल्या लघवीने आकडा चढतो. पाठ टेकून खुर्चीत बसा, पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाच मिनिटे शांत बसा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीवर येईल. हात लोंबता ठेवला तर आकडा जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळीपासून दोन बोटे वर, आत एक-दोन बोटे सरकतील इतका घट्ट बांधा. मोजताना बोलायचे नाही, टीव्हीही बंद. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, बरा वाटेल तेवढाच नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती पट्ट्याच्या मापात. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. मशीनबरोबर मिळणारा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटर घेरासाठी असतो, माप पट्ट्यावरच छापलेले असते. दंड त्याहून जाड असेल तर आकडा उगाच जास्त दिसतो आणि माणसाला नको ती गोळी लागते. मनगटावरचे मशीन शक्यतो टाळा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा, ज्या हातावर जास्त भरते तोच पुढे धरा.

असे सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी मोजा. (गोळी चालू असणाऱ्यांनी सकाळचे माप गोळीआधी घ्यावे.) पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. दवाखान्यात 140/90 ही रेषा मानली, तर घरी ती 135/85 असते. तुमची सरासरी तिच्या खाली आली तर वही आणि मशीन दोन्ही घेऊन जा, तिथल्या मापाशी ताडून पाहा. तरीही शंका उरली तर 24 तास बीपी नोंदवणारे यंत्र लावता येते. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र निर्णय डॉक्टरांवर सोडा.

प्रश्न: आईचे वय 66. टेल्मिसार्टन 40 आणि क्लोरथॅलिडोन 12.5 चालू आहे. गुडघ्यांसाठी ती अधूनमधून डायक्लोफिनॅक घेते. आता घरात ‘लो सोडियम’ मीठही आणले आहे. चालेल ना? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: या पत्राने आम्हाला काळजी वाटली. आईंचे डायक्लोफिनॅक आजच बंद करा.

किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी दुखण्याच्या गोळीने आकसते. गाळणीतून रक्त नेणारी वाहिनी टेल्मिसार्टनने सैल होते. क्लोरथॅलिडोन अंगातले पाणी कमी करते. तिन्ही मिळून गाळणीतला दाबच घटतो आणि क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) चढते. उन्हाळ्यात किंवा जुलाब लागल्यावर हे दोन-तीन दिवसांतही होते. शिवाय डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी बीपी वाढते, मग बीपीची गोळी वाढवली जाते आणि मूळ कारण तसेच राहते. गुडघ्यांसाठी पॅरासिटामोल किंवा वरून लावायचे जेल याबद्दल डॉक्टरांना विचारा. उलट्या-जुलाब झाले तर बीपीच्या दोन्ही गोळ्या एक-दोन दिवस थांबवायच्या का, हेही आधीच विचारून लिहून ठेवा.

लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. किडनी धडधाकट असलेल्या माणसाला ते चांगलेच. पण टेल्मिसार्टन पोटॅशियम अडवून धरते, किडनी मंद असेल तर ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या, तोवर साधे मीठच वापरा, मात्र कमी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, सुकी मासळी सगळे धरायचे. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर तीही सोडा, त्याने बीपी चढते आणि पोटॅशियम उतरते.

प्रश्न: सहा महिने बीपी 126/80 आहे. मेटोप्रोलॉल बंद करू का? (एक वाचक, हुबळी)

उत्तर: मनाने नाही. आकडा चांगला आहे तो गोळी चालू आहे म्हणून. मेटोप्रोलॉल एकदम तोडले तर नाडी धावते, बीपी उसळते, हृदयविकार असलेल्याला छातीत दुखू शकते. वजन उतरले असेल, मीठ कमी झाले असेल, तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून पाहू शकतात.

प्रश्न: वडिलांचे बीपी रात्री अचानक 190/104 भरले. शेजारी म्हणाले, जिभेखाली गोळी ठेवा. पुन्हा असे झाले तर काय करू? (एक वाचक, बडोदा)

उत्तर: जिभेखाली काही ठेवू नका. पूर्वी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून द्यायची पद्धत होती. त्याने बीपी धाडकन कोसळून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याने ती सोडून दिली. वडिलांना बसवा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. दुखणे, भीती, तुंबलेली लघवी, चुकलेली गोळी यांनीही आकडा चढतो. त्रास काहीच नसेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, चुकलेली गोळी दुप्पट करून देऊ नका. पण छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, नजर अंधारणे यांतले काहीही दिसले तर पुन्हा मोजत बसू नका, 108 ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या आणि वडील शेवटचे ठीक केव्हा दिसले ती वेळ तिथे सांगा.