मुलगी चर्चच्या उन्हाळी शिबिरातून ‘पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे’ असं शिकून आली. आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की तुमची आठ वर्षांची लेक शेजारच्या मैत्रिणीबरोबर ‘व्हेकेशन बायबल स्कूल’ला जातेय. देवाने सगळे प्राणी आहेत तसेच सहा दिवसांत घडवले आणि नोहाच्या तारवात डायनासोरही होते, असं ती घरी येऊन सांगते. तिला काढून घेऊ का, शाळेत तक्रार करू का, आणि उत्क्रांती समजवायची कशी, हे तुमचे प्रश्न.

काढू नका. मी अमेरिकेत ओहायोतल्या सिनसिनाटीत सतरा वर्षं राहतेय. माझा मुलगा सात वर्षांचा असताना अगदी हेच झालं होतं. पोळ्या लाटता लाटता मी म्हणून गेले, “खोटं आहे ते सगळं.” तो रडायलाच लागला. पृथ्वीचं वय त्याच्या डोक्यातही नव्हतं. रोज जवळ घेऊन गाणी शिकवणारी शिबिरातली ताई खोटं बोलते असं आई म्हणतेय, एवढंच त्याला कळलं. त्या एका वाक्याचं मला अजून वाईट वाटतं.

तक्रारीचा उपयोग नाही. सरकारी शाळेत निर्मितीवाद, म्हणजे देवाने सृष्टी घडवली हे मत, विज्ञान म्हणून शिकवता येत नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ साली ठरवलं. पण चर्चचं शिबिर खासगी असतं, तिथे तो निकाल लागू होत नाही.

उत्क्रांतीसाठी मात्र तुम्ही अगदी योग्य जागी राहता. ओहायोत आपल्या पायाखालचा चुनखडीचा खडक ऑर्डोव्हिशियन काळातल्या उथळ समुद्राचा तळ आहे, जवळजवळ ४५ कोटी वर्षांपूर्वीचा. शॅरनव्हिलमध्ये ट्रॅमल फॉसिल पार्क म्हणून एक उघडी टेकडी आहे. तिथे फुकट जाता येतं आणि सापडलेलं घरी नेता येतं. त्या रडारडीनंतरच्या शनिवारी आम्ही तिथे गेलो. दहा मिनिटांत मुलाच्या हातात नखाएवढा शिंपला होता. शिंपला म्हणते खरी, पण तो ब्रॅकिओपॉड, आपल्या कोकणातल्या शिंपल्यांचं घराणं वेगळं. घरी येऊन जुन्या टूथब्रशने घासल्यावर त्यावरच्या रेघा दिसल्या, आणि त्याने स्वतःहून विचारलं, “इथे समुद्र होता? मग कधी होता?”

या प्रश्नाची वाट बघा. तो आला की सांगा, की केंटकीत याच प्राचीन समुद्राच्या थोड्या जुन्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे आहेत. राखेतल्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या बारीक कणांमध्ये युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं. किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं हे मोजलं की वय निघतं. सहा हजार वर्षांचा आकडाही कुठून आला ते सांगा. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलमधल्या वंशावळींवरून हिशेब करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ असा ठरवला. दोन्ही मोजण्याच्याच पद्धती आहेत, आणि कोण काय मोजतंय हे आठ वर्षांच्या मुलीला नीट कळतं.

मग नदीपलीकडे केंटकीतल्या बिग बोन लिकला जा. त्या जागी हिमयुगातल्या मॅस्टोडॉन आणि मॅमथ या हत्तीसारख्या प्राण्यांची हाडं निघाली. १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी विल्यम क्लार्क या शोधप्रवाशाला ती गोळा करायला पाठवलं होतं. हाडं वरच्या चिखलात, ट्रायलोबाइट हे प्राचीन समुद्री जीव खालच्या खडकात. नोहाच्या गोष्टीतल्या एकाच महापुराने सगळं गाडलं असतं, तर कुठेतरी सरमिसळ दिसायला हवी होती. ती दिसत नाही. मला वाटतं, मुलांना पटेल असा याहून सोपा पुरावा नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. “आपल्या दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितली आहे,” असं तिला सांगू नका. आपल्या मंडळातही हे कौतुकाने बोललं जातं. मत्स्य, कूर्म, वराह ही गोष्ट मी मुलाला सांगितली, आवडीने सांगितली, पण गोष्ट म्हणून. कासवाचं रानडुक्कर झालेलं नाही. दोघांचे पूर्वज तीसेक कोटी वर्षांपूर्वी एकच होते, पुढे वाटा फुटल्या. उत्क्रांती म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत, वडाच्या फांद्या आहेत. चर्चच्या गोष्टीला पुरावा मागायचा आणि आपल्या गोष्टीला सूट द्यायची, हे मुलं लगेच ओळखतात.

शेजाऱ्यांशी वाकडेपणा घेऊ नका आणि सगळे ख्रिस्ती असंच मानतात असंही तिच्या मनात भरू नका. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच म्हटलं होतं की उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक राहिलेलं नाही.

शिबिर संपलं की शनिवारी टोपी, पाणी आणि एक रिकामी डबी घेऊन शॅरनव्हिलला जा. त्या मैत्रिणीच्या आईला विचारून तिलाही बरोबर न्या.